बर्फातली बाटली

नव्वदच्या दशकात मी गोखिवऱ्याच्या एका लॅबमध्ये होते. विरारहून तपासणीच्या रक्ताची बाटली आमच्याकडे यायची ती बहुतेक वेळा बाळाच्या घरच्यांच्याच हातून. एकदा अर्नाळ्याची मासळी विकणारी एक आजी आली. तिची नात सातव्या महिन्यातच जन्मलेली, विरारच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत. दहा दिवस अँटिबायोटिक चालू होती, तरी पोट फुगलेलं, दूध पचत नव्हतं आणि मूल मलूल होत चाललेलं.

आजीने डब्यातून बाटली काढली. भोवती बर्फाचा चुरा.

"बरफात ठेवलीय. नासाची नाय," ती म्हणाली.

कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून बघायची बाटली गार करायची नसते. रक्तात जंतू असतील तर ते वाढायला हवेत, तरच ओळखता येतात. मी तिच्यावर खेकसले. बाटलीला बोंबलाचा वास होता, आणि त्या वयात मी नाकावर माशी बसू देत नव्हते.

दोन दिवसांनी बाटली गढूळ झाली. थेंब काचेवर घेऊन रंगवला, तर मायक्रोस्कोपखाली जांभळ्या लंबगोल पेशी, काहींना बारीक कोंब फुटलेले. यीस्ट, म्हणजे बुरशी. मी ठरवूनच टाकलं की ही आजीच्या बर्फातून आली. बाटलीला रबरी बूच होतं, वर सीलबंद टोपी होती, ते मला दिसत होतं. तरीही रिपोर्टवर मी लिहिलं, 'कंटॅमिनेशन, पुन्हा पाठवा', म्हणजे बुरशी बाहेरून शिरली; बाटली नष्ट केली आणि ती बर्फाने नासली असा आजीला निरोप दिला.

दुसरी बाटली आजीने धुतलेल्या फडक्यात गुंडाळून आणली. या वेळी बर्फ नव्हता. पुन्हा दोन दिवस गेले, आणि पुन्हा त्याच पेशी, तेच कोंब.

मी दवाखान्यात फोन लावला. बाळाच्या प्लेटलेट्स घसरत चालल्या होत्या. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "रक्तात यीस्ट सापडली तर ती बाहेरून आली असं समजायचं नाही. एवढ्याशा बाळात तर नाहीच." त्यांनी बाळाच्या शिरेतली सलाइनची जुनी नळी काढली, बुरशीवरचं औषध मुंबईहून मागवलं. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. पुढे कुठल्याही बाळाच्या रक्तात यीस्ट दिसली की मी आधी फोन करायचे, मग रिपोर्ट लिहायचे.

तीन महिन्यांनी आजी पुन्हा लॅबमध्ये आली. कडेवर नात होती, हातात सुक्या बोंबलांची पुडी.

"तुमी ओलखलात म्हून पोर वाचली," ती म्हणाली. "पयली बाटली माझ्या बरफानं नासली, नायतर लवकर सुटली असती. गावात सगल्यांना सांगते, माझीच चूक."

गप्प बसणं सोपं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

"आजी, बर्फाने काहीच नासलं नव्हतं. बुरशी पहिल्या बाटलीतही होती. मी ती ओळखली नाही, फेकून दिली."

तिने नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"तीन महिने बरफ फोडताना मी रडते, बाय," ती म्हणाली.

पुडी तिने टेबलावर ठेवली आणि बस गाठायला निघून गेली.