मुठीतली गोळी

रोशनीला एकच गोष्ट हवी होती. पंकजदादाच्या लिथियमच्या गोळ्या कशा सांभाळायच्या, ते कुणीतरी मराठीत, सावकाश सांगावं.

दादाला बायपोलर असल्याचं कळून दोन वर्षं झाली. ओपीडीत डॉक्टरांनी कागदावर तो शब्द लिहिला आणि पुढचा नंबर पुकारला. रोशनी लकडगंजात प्लायवुडच्या दुकानात कामाला. गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर शोधायची. इंग्रजी पानं सांगत, समुद्रकाठी चाला. मराठी पानं सांगत, शनीला तेल वाहा. हेल्पलाइनवर एक दाबा, दोन दाबा, मग नुसतं संगीत. मामा म्हणाले, "लगन करून टाका त्याचं. सुधरते."

आई, वच्छलाबाई, काही शोधत नव्हती. तिची उमर हातमागावर गेलेली. धागा तुटला की तिथंच थांबून गाठ मारायची. गोळ्यांचंही तसंच. सकाळ-रात्र, एकही चुकली नाही.

उन्हाळ्यात दादाचं रक्त तपासलं. लिथियम जास्त निघालं, डोस कमी झाला. महिन्याभरात दादा झोपेनासा झाला. भिंतीवर साडीचे काठ रंगवू लागला. ते देखणे होते. मग त्याने फ्रिज रंगवला, शेजाऱ्यांची स्कूटर रंगवली. मागच्या वेळी असंच सुरू झालं होतं. तेव्हा तो तीन दिवसांनी पार शहराबाहेर, कन्हानला सापडला, अनवाणी.

डॉक्टरांनी पुन्हा तपासणी सांगितली. लॅबच्या रांगेत आईने पदराची गाठ सोडून दादाला गोळी दिली. मागे वामनराव नावाचे एक गृहस्थ उभे होते, बायकोला घेऊन आलेले; तिलाही लिथियमच चालू होतं.

"अवं बाई, रक्ताच्या आधी गोळी देली?"

"मंग? वेळ झाली ना."

"मागच्या वेळीबी?"

"हो. एकबी चुकू देली नाही म्या."

वामनरावांनी कपाळाला हात लावला. "मंग आकडा वाढीनच, खोटा! रात्रीच्या गोळीनंतर बारा तासानं रक्त द्याचं. सकाळची गोळी त्याच्यानंतर. आमाले हे समजाले चार वर्षं लागले."

रोशनी लॅबच्या खिडकीशी गेली. "हे सांगत काहून नाही कोणी?"

"डॉक्टरले विचारा."

डॉक्टर म्हणाले, सिस्टर सांगतात. सिस्टर म्हणाल्या, लॅबवाले सांगतात.

दादा खो खो हसला. "आई, मी ठीकच होतो. तुझी गोळीच जास्त हुशार!"

आई बाकावर बसली. "मंग डोस उगाच कमी झाला? म्या बिघडवलं का वं?"

"नाही," रोशनी म्हणाली. पण जरा उशिरा म्हणाली.

त्या दिवशी रक्त न देताच परतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुट्टी. मालक म्हणाला, "दवाखान्यातच नोकरी धर आता." घरून निघताना दादा अडून बसला. "मले काय झालं? तुमीच द्या रक्त." कशीबशी रिक्षात बसवला. आईने गोळी मुठीत धरली, ती मूठ रांग संपेपर्यंत उघडली नाही. सुई निघाली, कापूस लागला, तेव्हा मूठ उघडली. गोळी घामाने तळव्याला चिकटली होती. दादाने ती सोलून काढली आणि गिळली.

"रिपोर्ट सोमवारी," खिडकीतून आवाज आला.

आज गुरुवार. दादाचा पाय सारखा हलत होता. रोशनीने काल रांगेत वामनरावांचा नंबर घेतला होता, त्यावर फोन लावला.

"काका, सोमवारपर्यंत काय करू?"

"पयले तर डोसले आपल्या मनानं हात नको लावू. जास्त बिघडला तर सोमवारची वाट पाहू नको, तसाच घेऊन जा. कागद आहे का जवळ? लिहून घे. सावकाश सांगतो."

रोशनीने रक्ततपासणीची पावती उलटी केली आणि पेन उघडलं.