साडूभाऊंनी दिलेलं रक्त

आमच्या साडूभाऊंइतका बूड न टेकणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. कारकुनीत त्यांची हयात गेली, पण कचेरीतली त्यांची खुर्ची शेवटपर्यंत नव्यासारखी राहिली. लग्नात पंगतीला बसवावं, तर भात येईपर्यंत वाढप्याची बादली यांच्या हातात आलेली असते. एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी तेरपर्यंत दाराशी उभं राहून कंडक्टरला थांबे सांगतात. आमच्याकडे आले की चहासुद्धा अंगणात येरझारा घालत पितात. मी ‘बसा की’ म्हटलं की म्हणतात, “बसून काय करू, पाव्हणं? बसलं की जीव घाबरा हुतोय.”

हा माणूस दहा मिनिटं गप्प पडून राहिलेला पाहायचा, तर रक्तदान शिबिरातच जावं लागे. मुठीत रबरी चेंडू, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर कमालीचं समाधान. तीन महिने भरले की ते शिबिर हुडकायला लागत. जयंती, पुण्यतिथी, पुढाऱ्याचा वाढदिवस, काहीही चाले. एका पुढाऱ्याला तर त्यांनी वाढदिवस आठवडाभर अलीकडे घेता येईल का, असं विचारलं होतं. शिबिरात भेट मिळालेली नऊ हेल्मेटं घरात आहेत. मोटारसायकल नाही. मेहुणी त्यांत लसूण आणि शेंगा ठेवते.

दवाखान्यातून कुणाचा फोन आला तरी हे निघालेच. माकणीच्या एका बाईच्या बाळंतपणात आणि तेरच्या एका शेतकऱ्याच्या अपघातात त्यांनी असं धावत जाऊन रक्त दिलं, आणि ती दोन्ही घरं आपलीच मानली. बारसं, जावळ, वास्तुशांत, सगळीकडे आहेर घेऊन हजर. माकणीचं ते पोरगं गणितात पहिलं आलं तेव्हा पेढे यांनी वाटले. “येनारच की! आईच्या अंगात रगत कुनाचं हाय?” तेरचा शेतकरी भावाशी भांडला, तर भावाची माफी मागायलाही हेच गेले.

गेल्या वर्षी लेकीकडे पुण्याला गेले असताना त्यांनी तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात रक्त दिलं. तिथे नेहमीच्या तपासण्यांबरोबर एक जादा तपासणी होते; आपल्याकडे ती सहसा होत नाही. चार दिवसांनी बोलावणं आलं. रक्तात एचटीएलव्ही नावाचा विषाणू असावा, पक्कं करायला आणखी एक तपासणी लागेल. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. हा एचआयव्ही नव्हे. बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. थोड्यांचे पाय पुढे ताठरतात, चालणं अवघड होतं. एखाद्याला रक्ताचा कर्करोगही होतो. लहानपणी आईच्या दुधातूनही आला असेल. रक्त मात्र यापुढे कधीच द्यायचं नाही.

स्वतःच्या पायांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, “आन आजवर दिलं त्याचं काय?”

दुसऱ्या अहवालाला वेळ होता, पण वाट पाहणं त्यांच्या स्वभावात नाही. घरी परतल्याच्या दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते माकणीला गेले. “एकट्याच्यानं बोलवायचं न्हाय, पाव्हणं,” म्हणाले. त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं, पोराला जवळ ओढलं आणि विचारलं, “भाऊ, माज्या लेकराला काय हुईल का वो?” साडूभाऊ दारातच चपला चढवायला लागले. मला त्यांच्याकडे बघवेना.

तिला घेऊन आम्ही थेट धाराशिवला रक्तपेढीत गेलो. तिथल्या माणसानं जुन्या नोंदी काढल्या, बोट फिरवलं आणि चष्मा वर केला. “अहो, हे बदली रक्त. यांना फ्रीजमधली आधीच तपासलेली पिशवी दिली. तुमची पिशवी दुसऱ्या दिवशी तपासून ठेवली, ती पुढं भलत्याच कुणाला गेली. तेरच्या पेशंटचंही तसंच.”

बाई रडायलाच लागली. “सुटलात, साडूभाऊ!” मी म्हटलं.

“मग माजी कुनाला गेली?” त्यांनी त्या माणसाला विचारलं.

“ते सांगता येत नाही. पक्का रिपोर्ट आणून द्या, पत्ता लागेल त्यांना आम्हीच कळवू.”

दुसरा अहवालही तोच आला; तो त्यांनी रक्तपेढीत नेऊन दिला. हा विषाणू नवऱ्याकडून बायकोलाही जातो, म्हणून केलेली मेहुणीची तपासणी सुदैवानं स्वच्छ निघाली. साडूभाऊ अजून धडधाकट आहेत, आणि माकणीहून अजून बोलावणी येतात. पण हल्ली ते बरेचदा धाराशिवच्या बसस्थानकावर दिसतात. एकाच जागी, तासन्‌तास. उतरणाऱ्या माणसांचे चेहरे ते बघत नाहीत, पाय बघतात. मी आयुष्यभर त्यांची चेष्टा केली. आता माझी हिंमत होत नाही.

परवा मीही त्यांच्याबरोबर स्थानकावर होतो, तेव्हा तुळजापूरच्या गाडीतून एक म्हातारबुवा दांड्याला धरून, पाय ओढत उतरले. साडूभाऊ धावले. त्यांची पिशवी घेतली, हाताला धरून बाकावर बसवलं आणि वाकून हळूच विचारलं, “बाबा, तुमाला कदी रगत चढवलं हुतं का वो?”

“न्हाय बा. गुडगा धरलाय नुसता.”

साडूभाऊ माझ्याजवळ परत आले. “न्हाय म्हनले,” एवढं सांगून ते फलाटाला लागणाऱ्या पुढच्या गाडीकडे बघू लागले.