सरसकट माफी

शब-ए-बरात ही आमच्यात माफीची रात्र. तिच्याआधी माणसांनी एकमेकांची माफी मागून मोकळं व्हावं, असा रिवाज आहे. पूर्वी लोक त्यासाठी एकमेकांच्या दारात जात. आता फोन आहे. ‘कळत नकळत मन दुखावलं असेल तर माफ करा’, खाली गुलाबाचं फूल, आणि एका बोटात सगळी ओळखपाळख उरकते. गेल्या वर्षी कॉटन ग्रीनच्या आमच्या घरात, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत, मीही हे पुण्यकर्म उरकलं. नणंदेला गेलं, दूधवाल्याला गेलं, मुलाच्या शिकवणीच्या सरांनाही गेलं. सगळ्यांकडून जोडलेले हात आले. एकाच माणसाकडून प्रश्न आला : ‘कशाबद्दल?’

प्रश्न ताईंचा होता. ताई आणि मी हिंदमाताला एका साडीच्या दुकानात फॉल-पिकोच्या मशीनवर शेजारी शेजारी बसायचो. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, लालबागच्या चाळीत राहणाऱ्या, बौद्ध घरातल्या. मला काम त्यांनीच शिकवलं. रमजानात माझ्यासमोर त्या डबा उघडायच्या नाहीत. मी कितीदा सांगितलं तरी मागे, साड्यांच्या गठ्ठ्यांत बसून जेवायच्या.

त्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं.

त्याच्या पाच वर्षं आधीच्या रमजानातली गोष्ट. लग्नसराई होती, साड्यांचा ढीग पडलेला. फॉल लावण्याआधी साडीला जोडून आलेला ब्लाऊजपीस कापून वेगळा करायचा असतो. कुठल्या साडीत तो पदराच्या पुढे असतो, कुठल्या साडीत आतल्या टोकाला. म्हणून साडी पूर्ण उघडून दोन्ही टोकं बघायची आणि मगच कात्री लावायची, हा ताईंनी शिकवलेला पहिला धडा. त्या दिवशी मला घाई होती. एका नवरीच्या शालूचं आतलं टोक साधं दिसलं आणि मी ते कापून टाकलं. खरा ब्लाऊजपीस पदराकडे तसाच राहिला. शालू इतका आखूड झाला की निऱ्याच पुरेनात.

दोन दिवसांनी नवरीची आई दुकानात रडत आली. शेठनी विचारलं, “कोणी कापला?” मी मान खाली घालून मशीन चालवत राहिले. त्यांनी पुन्हा मलाच विचारलं, तेव्हा मी म्हटलं, “तो गठ्ठा ताईंकडे होता.” तोंडात रोजा आणि त्याच तोंडाने हे. ताईंनी चष्मा सारखा करून शालूचं कापलेलं टोक बघितलं. शेठनी त्यांच्याकडून कात्री काढून घेतली आणि त्यांना घड्या घालायला बसवलं. दिवाळीनंतर त्यांनी काम सोडलं.

मी तौबा केली नाही असं नाही. भरपूर केली. पाच वर्षं नमाजाच्या मुसल्ल्यावर बसून रडले. अल्लाहपुढे रडायला मला जड गेलं नाही, कारण तिथे ताईंचा चेहरा दिसत नव्हता. लहानपणी शिकवलेलं होतं की माणसावर अन्याय केला असेल तर आधी त्या माणसाची माफी मागावी लागते. ते मी सोयीने विसरले होते. वर गुलाबाचं फूल पाठवून मोकळी होणार होते. माझ्यासारखी निर्लज्ज मीच.

त्याच दुपारी लालबागला गेले. ताईंनी पाणी दिलं, बसवलं. मी एका दमात सगळं सांगितलं. त्या ओरडतील, रडतील, नाहीतर ‘मला माहीत होतं’ म्हणतील, असं वाटलं होतं.

त्यांनी स्वतःचे हात उलटून बघितले. मग म्हणाल्या, “म्हणजे तो मी नव्हता कापला?”

“नाही ताई.”

“चष्मा नवा होता गं तेव्हा. मला वाटलं, माझ्याच हातून गेला. त्या पोरीच्या लग्नाचा शालू. तेव्हापासून कुणाच्या कापडाला कात्री नाही लावली मी. घरच्या साड्यापण फॉलला बाहेर देते.”

याची मी कल्पनाही केली नव्हती. मला वाटत होतं, मी त्यांचं काम घालवलं. मी तर त्यांचा स्वतःच्या हातांवरचा भरवसाच काढून घेतला होता.

“ऊठ,” त्या म्हणाल्या. “आत्ता मला तुझं तोंड बघायचं नाही.”

मी उठले. तिथूनच शेठना गाठायला हिंदमातापर्यंत चालत गेले आणि गिऱ्हाइकांसमोर खरं सांगितलं. शेठना तो शालू आठवतही नव्हता. तरी मी पुन्हा सांगितलं, ताईंचं नाव घेऊन. दुसऱ्या दिवशी शब-ए-बरातचा रोजा धरला. माफी मिळालेली नव्हती, पण दुआला हात उचलताना पहिल्यांदाच मी काही लपवत नव्हते. तेवढ्यासाठीसुद्धा मी अल्लाहचे आभार मानले, आणि ताईंच्या एका शब्दाच्या प्रश्नाचे त्याहून जास्त.

पंधरा दिवसांनी, रमजानच्या पहिल्या रोज्याच्या सकाळी ताईंचा फोन आला. “मोकळी आहेस? ये जरा.”

गेले तर खाटेवर त्यांच्या नातीची नवी साडी. ताईंनी ती पूर्ण उघडली, पदर बघितला, आतलं टोक बघितलं, पुन्हा पदर बघितला. कात्री उचलली, परत ठेवली. मी पुढे झाले तर म्हणाल्या, “तू नको. मी कापते. तू फक्त ताणून धर.”

मी दोन्ही हातांनी कापड ताणून धरलं. कात्री चालू लागली, सरळ, एका रेघेत. अर्ध्यावर आल्यावर ताई मान वर न करता म्हणाल्या, “माफ केलं तुला. आता रडू नकोस, साडीवर डाग पडेल.”