शिरोड्याच्या मुलीचा हेवा

कुणी कुणाच्या रूपाचा हेवा करतं, कुणी कुणाच्या घरादाराचा. मी माझ्या तरुणपणी एका मुलीचा हेवा केला तो एवढ्यासाठीच की तिला गोंगाटात झोप लागायची.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. वेंगुर्ल्याजवळच्या एका काजूच्या कारखान्यात मी बिया फोडायला जात होते. वडील मचव्यावर तांडेल होते. छातीच्या दुखण्याने त्यांचं समुद्रावर जाणं थांबलं, आणि जेमतेम सातवी झालेल्या मला आईने शेजारणीच्या सोबतीने कारखान्यात धाडलं. आमच्या वाडीतल्या निम्म्या मुली तिथे जात होत्या, त्यामुळे त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. आईला वाटलं असलंच तर एवढंच, की ही टिकते कशी.

कारण मी लहानपणापासूनच अशी. खवणीवर नारळ खवताना पातं करवंटीला लागलं की माझे दात आंबायचे. नव्या लुगड्याची खळ मानेला टोचायची, म्हणून मी ते चार वेळा धुवून मगच नेसायची. रॉकेलचा वास आला की जेवण उतरायचं नाही. आई वैतागायची. "हिका सगळाच टोचता," ती शेजारणीला सांगायची, "राजाच्या घरात जल्माक येवक होया होता हिना."

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. एका टोकाला बिया भाजायची भट्टी, मधे आम्ही फोडणाऱ्या बायका, आणि भिंतीपलीकडे निवडीची खोली. भाजून काळी झालेली बी दगडावर उभी धरायची, लाकडी दांडक्याने टोला द्यायचा, आणि कवच दुभंगलं की आतला गर अख्खा बाहेर काढायचा. कवचातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बोटांना राख फासायची. काम अवघड नव्हतं. पण त्या पत्र्याखाली शंभरभर दांडके एकाच वेळी पडत होते, आणि कुठलेच दोन एका तालात नव्हते. ताल असता तर मी सोसलं असतं. प्रत्येक टोला मला वेगळा ऐकू यायचा, वेगळा लागायचा. त्यावर भट्टीचा धूर, घशात अडकणारा. कोरडी राख बोटांवर फिरली की अंगावर काटा यायचा. पहिल्या आठवड्यात मी रोज घरी येऊन विहिरीवर ओकले आणि आईला सांगितलं, ऊन लागलं.

शिरोड्याची मुलगी माझ्या शेजारी बसायची. वयाने माझ्याएवढीच, सावळी, अंगाने भरलेली, वेणीत कायम काही ना काही फूल. वेंगुर्ल्यात मावशीकडे राहून ती कामाला येत होती. तिचा दांडका सगळ्यांत जोरात पडायचा आणि तरी गर अख्खा निघायचा. टोले देता देता ती गायची, पलीकडच्या बाईशी बोलायची, चार ओळी सोडून बसलेल्या बाईच्या थट्टेला उत्तर द्यायची. जेवणाच्या सुटीत इतर बायका अंगणात गेल्या की ती तिथेच रिकाम्या पोत्यांवर आडवी व्हायची. भट्टीवाले पिंप ओढत असायचे, कोणी पत्र्यावर काहीतरी ठोकत असायचं, आणि ही तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली असायची. मी अंगणातल्या फणसाखाली बसून दारातून तिच्याकडे बघत राहायची. मला तिच्या रूपातलं, गळ्यातलं काही नको होतं. ती झोप मला हवी होती. इतकी हवी होती की घास गिळवत नसे.

एकदा मी तिला विचारलं, "तुका कायच होणा नाय?"

"कसला?"

"ह्या आवाजाचा. धुराचा."

तिने दांडका थांबवून जरा कान दिला, जणू कोणी दारावर आलंय का ते बघावं. "होय गो," ती म्हणाली, "आवाज आसा खरो. माका कळणाच नाय." आणि पुन्हा टोले द्यायला लागली.

त्या दिवशी मला तिचा राग आला. तिने काही केलं असतं तर तो राग ठेवायला जागा तरी मिळाली असती.

मी माझे उपाय शोधत गेले. खोबरेल तेलात भिजवलेला कापूस कानात घालायला लागले आणि तो दिसू नये म्हणून पदर डोक्यावरून घट्ट ओढून घ्यायला लागले. राख आधी पाण्याच्या हाताने ओलसर करून घेतली की ती कोरडी सरसरत नाही, हे मला कळलं. भट्टीपासून लांब, खांबाच्या आडोशाला, जिथे खाऱ्या वाऱ्याची झुळूक येते तिथला दगड मिळावा म्हणून मी सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचायची. सुरंगीच्या फुलांच्या दिवसांत एक वळेसर, म्हणजे त्या फुलांचा गजरा, ब्लाउजात खोचून ठेवायची आणि धूर फार झाला की मान खाली घालून त्याचा वास घ्यायची. एवढं सगळं केल्यावर दिवस कसाबसा निभायचा. शेजारी ती काहीही न करता निभावत होती, वर गात होती.

तरी माझे गर तुटायचेच. जवळ कोणाचा टोला अचानक जोरात पडला की माझा हात दचकायचा आणि बी चेचली जायची. आमच्यावर देखरेख करणारी मुकादमीण वयस्क आणि तोंडाने फटकळ होती. ती माझ्या सुपात हात घालून तुकडे वर काढायची.

"हात बरो आसा तुझो. मन खंय आसता?"

"आवाज सोसणा नाय माका," मी एकदा बोलून गेले.

"आवाज?" ती म्हणाली. "मगे हंय काय देवळात बसलंस?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. शिरोड्याची मात्र हसली नाही, हे मी तेव्हा पाहिलं होतं. पण ती हसली नाही याचाही मला रागच आला. तिची कीव मला नको होती.

पुढच्या वर्षी निवडीच्या खोलीतल्या एका बाईचं लग्न ठरलं आणि तिथली जागा रिकामी झाली. ती खोली मी येता-जाता बघायची. जाड भिंती, उत्तरेला खिडकी, खाली सारवलेली जमीन. बायका धुतलेल्या हातांनी पांढरे गर पसरून बसायच्या; अख्खे एकीकडे, पाकळ्या एकीकडे, तुकडे एकीकडे. कोणी फारसं बोलत नसे, कारण बोललं की नजर चुकते. त्या खोलीत मला एकदा बसू दिलं तर मी आयुष्यभर तिथून उठणार नाही, असं मला वाटायचं. मी मुकादमिणीकडे शब्द टाकला. आईलाही टाकायला लावला.

मुकादमिणीने शिरोड्याच्या मुलीला निवडलं. जिचे गर सगळ्यांत अख्खे, तिचा मान पहिला, असा तिचा हिशेब होता, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. ती मुलगी आपलं सूप उचलून भिंतीपलीकडे गेली. मी त्या दिवशी बिया इतक्या चेचल्या की माझं सूप मुकादमिणीने माझ्यासमोरच तुकड्यांच्या पिंपात उपडं केलं.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. दर टोल्याला मनात येई, आत्ता ती गारव्यात बसली असेल. तिला ज्याची गरज नाही ते तिच्या पदरात, आणि मी इथे. रात्री डोळे मिटले की तिची ती खिडकी दिसायची. वडिलांना दम लागला तरी माझं लक्ष त्यात नसायचं. आई म्हणाली, "काय जाला तुका? जेवणा नाय, बोलणा नाय." मी सांगितलं असतं तर तिने पुन्हा राजाचं घर काढलं असतं.

पंधरवडाही झाला नसेल. एका सकाळी शिरोड्याची मुलगी निवडीच्या खोलीतून सरळ मुकादमिणीसमोर येऊन उभी राहिली. मी दोन हातांवर होते. कानात कापूस होता तरी मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"माका परत फोडूक बसवा."

"कित्याक?"

"थंय जीव घुसमाटता. कोण बोलणा नाय, हसणा नाय. आमच्या घरात चौदा माणसां. आमच्याकडे घर गप होता ता मयतादिवशीच."

"मगे थंय कोणाक बसवू?"

तिने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "हिका बसवा. हिचे हात हलके आसत. निवडीक असेच हात होये."

मुकादमीण माझ्या हातांकडे बघून "बस जा" म्हणाली. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण आठवतं ते वेगळंच. आपल्या पानातलं नको झालेलं कुणी उचलून सगळ्यांसमोर माझ्या पानात वाढावं आणि मी भुकेने ते खावं, तसं मला वाटलं. हात धुताना मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

निवडीच्या खोलीत मी चांगली निघाले. गरावर न दिसणारी चीरही माझ्या बोटांना लागायची. ज्या बोटांना राख सोसत नव्हती तीच बोटं इथे कामाला आली. मुकादमीण एकदा माझा वाटा हातात घेऊन काही न बोलता परत ठेवून गेली, ती तिची शाबासकी. ओकाऱ्या थांबल्या. अंग भरलं. आणि तरीही हेवा गेला नाही, त्याने फक्त कूस बदलली. निवडीच्या बायका जेवायला वेगळ्या बसायच्या, हात काळे होऊ नयेत म्हणून. भिंतीपलीकडून फोडणाऱ्या बायकांचं हसणं यायचं. त्या सगळ्या हसण्यांतून मला तिचं हसणं बरोबर निवडता यायचं. ती कशाला हसली असेल, माझ्या जागी आता तिच्या शेजारी कोण बसतं, हे मी त्या शांत खोलीत बसून मनाशी घोळवत राहायची.

त्याच उन्हाळ्यात तिच्या भावाचं लग्न निघालं. तिने सगळ्या कारखान्याला बोलावलं, मलाही. मी जाणार नव्हते. पण तिचं ते चौदा माणसांचं घर एकदा बघावं, असं आतून वाटत होतं. आम्ही काही जणी मिळून एस.टी.ने शिरोड्याला गेलो.

घर खरंच तसंच होतं. मांडवात ढोल-सनई, चुलाण्यांवर मोठमोठी भांडी, पोरांची पळापळ, आणि या सगळ्याच्या मधोमध ती, कमरेला पदर खोचून, एकाच वेळी तिघांना उत्तरं देणारी. मी अक्षता पडेपर्यंत तग धरला. मग ढोल पुन्हा सुरू झाला तशी मान आखडली, डोळ्यांपुढे पिवळं दिसायला लागलं, आणि मी मागच्या दाराने परड्यात निघून गेले.

माडांमध्ये विहीर होती. विहिरीच्या काठाशी धुण्याच्या दगडावर एक बाई बसली होती. रेशमी लुगडं, नाकात नथ, कपाळाला हळद. मी थबकले तशी तिने बाजूला सरकून जागा केली.

"बस गो."

मी बसले. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला तेव्हा तिच्या कानात कापूस दिसला.

"मी नवऱ्याची आवस," ती म्हणाली. म्हणजे शिरोड्याच्या मुलीची आई. "वायच श्वास घेवक इलंय. तू कारखान्यातली मां? निवडीक बसतंस ती?"

"होय. तुमका कसा कळला?"

"माझ्या चेडवान सांगल्यान. आये, तुझ्यासारख्याच एक आसा थंय म्हणान. कोणी दांडको मारलो की मान आखडता तिची." तिने माझ्या मानेकडे पाहिलं, हात लावला नाही. हात लावू नये हे तिला माहीत होतं.

"तुमका घरात कोण काय बोलणा नाय?" मी विचारलं.

"सासू होती तवसर बोलत होती. मगे चेडू मोठा झाला. कोण माका सोदूक लागला की तां सांगता, आवस फुलां काढूक गेली, आवस देवळात गेली. लहानपणापासून दार राखता माझा."

मांडवातून कोणीतरी वराच्या आईला हाक मारली. लगेच त्यावर तिच्या मुलीचा मोठा आवाज आला, "आवस वाण आणूक गेली शेजारी, येतली." ती बाई जागची हलली नाही. आम्ही दोघी माडांच्या सावलीत बसून राहिलो.

त्या दगडावर मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. इतके दिवस मी त्या मुलीच्या झोपेचा, गाण्याचा, बिनघोर अंगाचा हेवा करत होते. आता मला तिच्या आईचा हेवा वाटला. जिचं दार राखायला कोणी आहे, अशा बाईचा. आणि मग पुन्हा तिचाच, कारण माझ्यासारखं माणूस तिला घरातच मिळालं होतं आणि तिने ते ओळखलं होतं. मला माझ्या घरात कुणी ओळखलं नव्हतं. निवडीची खोली तिला खरंच सोसवली नाही, की सोसवत नाही असं ती मुकादमिणीला नुसतं म्हणाली, हा प्रश्न मला तिथेच पडला. तो मी तिला पुढे कधीही विचारला नाही. विचारला असता तरी ती खरं बोलली नसती असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात शिरताना ती दारातच भेटली. डोळे जागरणाने तांबारलेले, हाताला मेंदी, त्यावर राख फासायला निघालेली.

"आवस भेटली तुका?" तिने विचारलं.

"भेटली."

"बरा झाला," ती म्हणाली, आणि आत जाऊन आपल्या दगडापाशी बसली. मी हात धुवायला गेले.