भिंगरीची मोजणी

आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरच्या पायाला भिंगरी होती, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. वजनकाट्यावरून ड्रेसिंगला, तिथून औषधांच्या खिडकीशी, तिथून डॉक्टरांच्या खोलीत. मी केसपेपर काढणारी. नुसतं तिच्याकडे बघून मला धाप लागायची. आम्ही बाकीचे मात्र आपापल्या खुर्च्यांना चिकटलेले. हलायची वेळच ती येऊ द्यायची नाही.

यंदा तिचा गुडघा सुजला. मदतीला आणखी एक सिस्टर द्या, असं तिने वर कळवलं. वरच्यांनी माणूस द्यायच्या आधी मोजणीवाल्या बाई पाठवल्या. इथलं काम कसं लावलंय, माणसं एकमेकांना कशी सांभाळून घेतात, हे दिवसभर बघून त्या गुण देणार होत्या.

"नवरा म्हणतोय, आज मुकाट बसून राहा," भिंगरी सकाळी माझ्या कानाशी म्हणाली. "मी पळतेय तोवर कुणाला काही दिसायचं नाही म्हणे."

आणि खरंच बसली की! दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तेवढ्यात रांगेतल्या एका आजीबाईंना घेरी आली. झालं, जित्याची खोड! भिंगरी उठली ती संध्याकाळपर्यंत टेकली नाही. मला तिचा इतका राग आला की एका केसपेपरवर मी शिक्का उलटा मारला.

निघताना बाई खुशीत होत्या. "इतकं जुळलेलं काम मी कुठे पाहिलं नाही. कुणाला हाक मारावी लागत नाही, कुणी खोळंबत नाही. पूर्ण गुण!"

डॉक्टर फुलून आत पेशंट बघायला गेले. औषधवाल्याने तर टाळ्या वाजवल्या.

"आणि दुसरी सिस्टर?" भिंगरीने विचारलं.

"इथे गरजच दिसली नाही हो."

भिंगरी खुर्ची ओढून बसली. आतून हाक आली, "सिस्टर!" ती बसूनच. ड्रेसिंगच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, "अहो, रक्त थांबत नाहीये!" काट्यावर उघडं बाळ रडायला लागलं आणि त्याची आई इकडेतिकडे बघू लागली. औषधवाला माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. पट्टी कुठे असते, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

बाईंनी पिशवी खांद्याला लावली होती. भिंगरीने शेजारची खुर्ची थोपटली.

"बसा बाई. आता मोजा."

बाई बसल्या. भिंगरीही बसली होती, पण खुर्चीखाली तिचा पाय काही थांबत नव्हता.