‘तू मागून ये’ म्हटल्याची साक्ष

निघायच्या दिवशी आमच्या ओट्यावर अख्खी मंडळी जमली होती. मंडळी म्हणजे आमच्या देवळाची माणसं, नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावातली ख्रिस्ती घरं. टेम्पो दारात, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, तीन वर्षांची प्रीती माझ्या कडेवर रडतेय, माझे मिस्टर सारखं घड्याळ बघताहेत, आणि माझे वडील डोळे मिटून प्रार्थना करताहेत. ती काही संपेना. त्यांनी विमानासाठी मागितलं, पायलटसाठी मागितलं, पासपोर्ट हरवू नये म्हणून मागितलं, तिकडच्या राजासाठीसुद्धा मागितलं. आमेन झाल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “गेल्यावर आधी देऊळ शोध, मग किराण्याचं दुकान.” वडील देवळाचे पंच होते. प्रभुभोजनाच्या दिवशी द्राक्षरसाचा पेला धरायचा मान त्यांचा. आमचं घर गावातलं पहिलं ख्रिस्ती घर, त्यामुळे पेला पहिल्यांदा आमच्याच ओठांना लागायचा.

हे मी गावातल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारखं गाव सोडून दुबई, मस्कत, कुवेतला गेलेल्यांसाठीपण. माझं शिक्षण चौथी. वाचायला खरी शिकले ती देवळात, गाण्यांच्या पुस्तकावर बोट फिरवून, तेव्हा शुद्धलेखनाला हसू नका. गेले तीन महिने माझ्या नावाने व्हॉट्सअॅपवर बरंच काही फिरतंय. दुबईची म्हातारी काय, मंडळीत फूट पाडणारी काय. म्हटलं, आता गावी कायमचं यायची वेळ झालीच आहे, तर त्याआधी सगळं एकदा ओळीने सांगून टाकावं.

शारजात आम्ही एका खोलीत सुरुवात केली. मिस्टर इलेक्ट्रिशियन. मी नंतर एका नर्सरीत आया म्हणून लागले आणि तेवीस वर्षं तिथेच काढली. लेबनॉनची, सुदानची, केरळची पोरं मला ‘मावशी’ म्हणायला शिकली आणि मी त्यांच्याकडून ‘यल्ला’ म्हणजे चला आणि ‘खलास’ म्हणजे संपलं, हे शिकले. अजूनही भाजी चिरून झाली की तोंडातून खलासच निघतं. आमच्याकडे ख्रिस्ती माणसं भेटली की ‘सलाम’ म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहेच. तशी सवयीने मी खालच्या पेशावरच्या वॉचमनला रोज सलाम करायची. चार वर्षांनी आमच्या दाराला नाताळचा तारा दिसला, तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण पहिली करंजी आम्ही त्यालाच दिली.

वडिलांनी सांगितल्याप्रमाणे देऊळ आधी शोधलं. तेव्हा मराठी उपासना नव्हती, हिंदीत जायचो. सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा रविवार शुक्रवारीच यायचा. चर्चच्या आवारात हॉल तासाच्या बोलीने मिळायचा, आमच्या आधी तमिळ, आमच्या नंतर फिलिपिनो. तिथल्या पहिल्या प्रभुभोजनाला मी काय करावं? पाळकांनी बोलावल्याबरोबर उठले आणि पदर सावरत थेट सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. जन्मभराची सवय, पहिलं घर ना. रांग लावणारा एक पोरगेलासा माणूस हळूच जवळ आला आणि म्हणाला, “आंटी, लाइन पीछे से है.”

मी मागे गेले. माझ्यापुढे साइटवर काम करणारी माणसं होती, बुटांना सिमेंट लागलेली. मिस्टर हसू दाबत होते. घरी आल्यावर मी म्हटलं, इथे कुणाला कशाची रीतच नाही. आठवडाभर मी त्या माणसाला मनातल्या मनात बोलत होते. आणि मग भांडी घासताना एकदम सगुणा आठवली. हातातला तवा तसाच राहिला.

सगुणा माझ्या वर्गातली. आमच्या देवळात सतरंज्या असायच्या, आणि दाराजवळची शेवटची सतरंजी तिच्या आळीची. आता हे लिहायला नको असं पुष्कळांना वाटेल, पण आपण मूळचे महार आणि ती घरं मातंगांची, हे आपल्यातल्या लहान पोरालाही माहीत असतं. कुणी तोंडाने बोलत नाही एवढंच. गावाने दोघांनाही वेशीबाहेर ठेवलं होतं, आणि आपण देवळात शिरून आपली आणखी एक वेस बांधली. पेला फिरायचा तो पहिल्या घरापासून, दारापर्यंत शेवटी. त्याला आपण ‘जुन्या विश्वासणाऱ्यांचा मान’ म्हणायचो.

मी आणि सगुणा एकाच रविवारी मंडळीच्या पक्क्या सभासद झालो. दोघींनी पांढऱ्या साड्या नेसलेल्या, तिची तिच्या मावशीची होती आणि आखूड पडत होती. पहिलंच प्रभुभोजन. ती आनंदाने माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी तिचं कोपर धरलं आणि म्हटलं, “सगुणा, तू मागून ये.” मला कुणी सांगितलं नव्हतं. पाळकसाहेबांनी नाही, आईने नाही. ती मागे गेली. घरी आल्यावर वडील म्हणाले, “बरं केलंस.” आणि मला फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटलेलंच आता बोचतं.

ही गोष्ट मी तीसेक वर्षं कुणाला सांगितली नाही. मिस्टर वारले, प्रीतीचं लग्न झालं, मी तिच्याकडे डिस्कव्हरी गार्डन्सला राहायला आले, मराठी उपासना सुरू झाली. तिथे करुणा भेटली. जालन्याची, चाळिशीची, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात अकाउंटंट. ती आणि पुण्यातली तिची मित्रमंडळी मिळून फेसबुकवर एक पेज चालवतात. सगळी ख्रिस्तात नवा जन्म झालेली, उपास-प्रार्थना करणारी, दारूच्या थेंबाला न शिवणारी माणसं. पण बोलतात कशावर? मंडळीतल्या जातीवर, हुंड्यावर, बायकांना पाळक का होऊ देत नाहीत यावर. लोक खाली लिहितात, येशूची सुवार्ता सांगा, राजकारण कशाला. मला आधी तसंच वाटायचं. मी करुणाला म्हटलंही, अगं, प्रार्थना करावी, भांडू कशाला? ती म्हणाली, “आंटी, प्रार्थनेत आपण देवाला म्हणतो तुझं राज्य येऊ दे. ते आल्यावर तिथे रांग कशी असेल, असं तुम्हाला वाटतं?”

तेव्हा मीच तिला सगुणाची गोष्ट सांगितली. आपल्यात साक्ष द्यायची पद्धत आहे, पण साक्षीत माणसं काय सांगतात? आजार बरा झाला, व्हिसा लागला, मुलाला नोकरी मिळाली. देवाने माझं पाप मला दाखवलं, असं फारसं कुणी सांगत नाही. करुणा म्हणाली, ही साक्ष द्या.

प्रीती घाबरली. “मम्मी, प्लीज, हा आपला देश नाही. एक तक्रार गेली तर?” तिचं चुकलं नव्हतं. मग आम्ही बसून नियम केले. इथल्या कशावर बोलायचं नाही. कुणाचं नाव घ्यायचं नाही, पैसे मागायचे नाहीत, दुसऱ्या कुणाच्या धर्माबद्दल शब्द नाही. फक्त माझं गाव, माझं देऊळ आणि माझी चूक. सगुणाचंही नाव घेतलं नाही, ‘माझी मैत्रीण’ म्हटलं. स्वयंपाकघरात उभं राहून तीन मिनिटं बोलले. शेवटी दोन गोष्टी मागितल्या. जो आधी येईल त्याने रांगेत आधी उभं राहावं. आणि पंचांच्या कमिटीत दाराजवळ बसणाऱ्या घरांमधला एक तरी माणूस घ्यावा, कारण इतक्या वर्षांत एकही घेतलेला नाही.

आठ दिवसांत तो व्हिडिओ नगर, जालना, मिरज, कुठे कुठे गेला. नातू म्हणाला, “आजी, यू आर व्हायरल.” मी म्हटलं, असू दे, आधी भात खा. खाली लोकांनी हातांची चित्रं टाकली, आमेन लिहिलं. आणि शिव्याही लिहिल्या. ख्रिस्तात जात नसते, मग ही बाई कुठून काढते? एकाने लिहिलं, एसीत बसून क्रांती करतेय. यात खोटं एवढंच, की मला एसी सोसत नाही, माझे गुडघे धरतात.

मग दादाचा निरोप आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ शमुवेल. वडिलांनंतर पंचांचा मान आणि पेला त्याच्याकडे आला. कमिटीच्या कागदाचा फोटो त्याने पाठवला होता. दयाबाईंनी, म्हणजे मी, व्हिडिओ डिलीट करावा आणि मंडळीची लेखी क्षमा मागावी, नाहीतर एप्रिलच्या वार्षिक सभेत त्यांचं नाव रजिस्टरमधून खोडलं जाईल. खाली सगळ्यांच्या सह्या, पहिली दादाची.

बाहेरच्यांना हे एवढंसं वाटेल. पण त्या रजिस्टरमध्ये माझा बाप्तिस्मा आहे, माझं लग्न आहे, प्रीतीचं नाव आहे. नाव खोडलं की प्रभुभोजन नाही, सभेत मत नाही, आणि आई-वडिलांच्या कबरींशेजारी जागाही नाही. आणि मी तर तिथेच परत चालले होते. जावयांची बदली झाली आहे, इथलं घर एप्रिलमध्ये सुटतंय. दादाच्या घराची मागची खोली मला ठेवलेली. चार दिवस मी फोन हातात घेऊन बसत होते. डिलीटचं बटण कुठे असतं तेसुद्धा नातवाकडून शिकून घेतलं. खोटं कशाला बोलू, बोट तिथपर्यंत गेलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी व्हॉट्सअॅपवर आवाजातला निरोप आला. नंबर ओळखीचा नव्हता. आवाजही नाही. पण पहिल्याच शब्दाला मी गॅस बंद केला.

“दये, सगुणा बोलते. नातीने दाखवला तुझा व्हिडिओ. तू नाव नाय घेतलं, पण मला कळलं. लई म्हातारी झालीस गं. मला वाटायचं तू कधीच विसरली असशील. नंतर नंतर तर वाटायला लागलं का असं काही झालंच नव्हतं, मीच मनात धरून बसलेय. आता कळलं, झालं होतं. माफीचं बघू पुढं, तू आधी इकडं ये. पण त्ये काढून टाकू नको. तुमच्या बाजूचं पहिल्यांदा कुणीतरी बोललंय. आणि ऐक, मी अजून शेवटीच पिते.”

पन्नास वर्षं. मी शारजा बघितलं, दुबई बघितली, विमानात किती वेळा बसले, आणि तेवढा सगळा वेळ ती त्याच रांगेत, मी पाठवलं त्याच जागी उभी होती.

मी करुणाला फोन केला आणि दुसरा व्हिडिओ केला, या वेळी दीड मिनिटाचा. सांगितलं की पहिला मी डिलीट करणार नाही. क्षमा मागायला तयार आहे, पण जिची मागायची तिची, कमिटीची नाही. त्यानंतर एक गोष्ट झाली जी मला अपेक्षित नव्हती. आमच्याच मंडळीतल्या दोन सुना, एक शिक्षक आणि रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात असलेला आपल्या गावचा एक माणूस, अशा चौघांनी आपापल्या फोनवर आपापली साक्ष दिली. कुणी कुणाला मागे पाठवलं, कुणी कुणाच्या घरी चहा घेतला नाही, कुणी पोरीचं लग्न मोडलं. त्या शिक्षकाने तर सभेत पंच म्हणून कुणाचं नाव सुचवणार तेही सांगून टाकलं. सगुणाच्या सुनेचं.

परवा दादाचा फोन आला. बराच वेळ हवापाण्याचं बोलत राहिला. मग म्हणाला, “तर तू ऐकणार नाहीस.”

मी म्हटलं, नाही दादा.

“ठराव मलाच वाचावा लागेल. बहिणीचं नाव मीच खोडायचं.”

“वाच. मी समोर असेन.”

“बसणार कुठे?”

“दाराजवळ. सगुणा जागा धरणार आहे.”

मग म्हणाला, “खोलीला रंग दिलाय. तुझी खोली आणि ठराव, याचा एकमेकांशी संबंध नाही.” आणि फोन ठेवला. माझा भाऊ वाईट नाही. फक्त त्याच्या हातात तो पेला फार वर्षं आहे.

बाहेर गेलेल्यांनो, आपण घराबद्दल बोलतो तेव्हा आंबे, माती, सणवार असलं बोलतो. मीही बोलायचे. आता मला घर म्हणजे निराळंच वाटतं. या देशाने मला काम दिलं, मान दिला, आणि एकदा नकळत मला रांगेत मागे पाठवून शहाणंही केलं. त्याचं देणं मी मानते. पण इथे मी पाहुणी राहिले, इथली एखादी रीत बदला म्हणायचा मला हक्क नव्हता आणि मी तो मागितलाही नाही. तो हक्क मला जगात एकाच ठिकाणी आहे, कारण तिथली चूक मी माझ्या हाताने केलेली आहे. ते माझं घर.

ठराव पास होईल की नाही, माहीत नाही. नाव खोडलं तर त्याच्या पुढच्या रविवारीही मी देवळात जाईन आणि सगुणाच्या मागे उभी राहीन. पेला मिळाला नाही तर परत येऊन त्याच्या पुढच्या रविवारी जाईन. एप्रिलपासून मला तसंही दुसरं काम नाही.