सोडा ढवळायच्या काड्या

काकी मुंबईहून परत आली तेव्हा तिच्या उजव्या गालाची कातडी भाजल्यासारखी काळी पडली होती. गालाच्या आत कॅन्सरची गाठ होती. तिच्यावर रेडियमचे उपचार झाले आणि गाठ विरली. आता त्या उपचारांचा त्रास कमी करायचा होता. तो कसा, हे डॉक्टरांनी एका कागदावर इंग्रजीत लिहून दिलं होतं. म्हसावदजवळच्या आमच्या गावात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. लढाईच्या धास्तीने बाहेरगावची शाळा बंद झाली, म्हणून मी घरी होते.

आप्पा, म्हणजे माझे आजोबा, ओसरीवर बाजेवर बसले होते. काका शेजारी उभे. काकी दाराआड, पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"वाच पोर," आप्पा म्हणाले.

मी वाचत गेले आणि सांगत गेले. दर जेवणानंतर सोडा-मिठाच्या पाण्याने गुळण्या. तिखट नाही, मिश्री नाही. गालाला साबण, तेल, ऊन लागू द्यायचं नाही. मग पुढची ओळ आली. दिवसातून सात वेळा आरशासमोर तोंड होईल तेवढं उघडावं, दातांमध्ये चपट्या काड्या बसवाव्यात, आठवड्याला एक वाढवावी. नाहीतर जबडा आखडेल.

आमच्याकडे सून सासऱ्याच्या घरात जांभईसुद्धा पदराआड देई. आप्पा दिवसभर ओसरीवर, आणि तिथून स्वयंपाकघर थेट दिसे. ती ओळ त्यांच्यासमोर मला सांगवेना.

"अन् ह्या काड्या कसाले?" काकांनी दवाखान्यातून दिलेलं चपट्या काड्यांचं पुडकं वर धरलं.

"सोडा ढवळायला," मी म्हणाले.

काकी रोज त्यातल्याच काडीने सोडा ढवळू लागली. मला चिडवायची, "मडम, आज काय हुकूम शे तुन्हा कागदना?" मी हसून कागद घडी करून ठेवी. खरं सांगावं तर आधी खोटं बोलले हे सांगावं लागणार. रोज सकाळी वाटे, आज सांगू. संध्याकाळपर्यंत ते आणखी अवघड झालेलं असे.

काकीचा घास लहान होत गेला. आधी दुधात कुस्करलेली भाकरी, मग नुसती पेज. एका दुपारी चमचा तिच्या दातांवर आपटून परत आला.

"मन्हं तोंड उघडस नही," ती दातांमधूनच म्हणाली. "परत वाच ना. काही ऱ्हाई गय व्हई."

मी कागद घेऊन ओसरीवर गेले.

"आप्पा, एक ओळ मी सांगितली नव्हती."

मग खाली बघत सगळी सांगितली. काड्यांचंही.

"का वं?" त्यांनी विचारलं.

मी बाजेकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. त्यांनीही पाहिलं.

"किती डाव?"

"सात."

त्यांनी काठी उचलली. "मी सात डाव गोठामा जासू."

त्या दिवसापासून ते वेळेला खाकरत आणि गोठ्याकडे चालू लागत. पहिली काडी बसवतानाच काकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. काडीवर सोड्याचा पांढरा थर होता. दोन, तीन, मग कितीतरी दिवसांनी चार. पाचवी बसेना. आधीपासून केलं असतं तर, असं ती कधी म्हणाली नाही. मी रोज वाट बघत असे, म्हणेल म्हणून.

शाळा पुन्हा सुरू झाल्याचं पत्र आलं. काका म्हणाले, "जाय, सामान बांध."

बाहेर आप्पा खाकरले. काकीने आरसा माझ्या हातात दिला आणि पाचवी काडी पुढे केली. मी पत्र चुलीजवळच्या फळीवर ठेवलं आणि आरसा धरला.